साखरपुड्याची अंगठी : नावाचे पैसे मोजायचे की नाही

"मावशी, ही बघ. हीच हवीय तिला." भाच्याने फोन माझ्यापुढे धरला. निळसर-हिरवी डबी, तिच्यात सहा नख्यांवर उचलून धरलेला एकच हिरा आणि खाली किंमत. माझी बहीण खांद्यावरून वाकून बघत होती. किंमत वाचल्यावर ती एवढंच म्हणाली, "एवढ्यात तीन तोळ्यांचं गंठण होतं रे."

मी लक्ष्मी रोडवरच्या एका सराफी पेढीत अकरा वर्षं हिऱ्यांचा काउंटर सांभाळला आहे. हा संवाद माझ्यासमोर किती वेळा झाला असेल, मोजदाद नाही. मुलगा ब्रँड म्हणतो, आई तोळे म्हणते, मुलगी गप्प असते आणि वडील एसीखाली जाऊन बसतात. पहिल्यांदाच हिरा घेणाऱ्यांसाठी, कशानंतर काय करायचं ते क्रमाने लिहिते.

पायरी १ : दागिना घेताय की ठेव, ते आधी ठरवा

आपल्याकडे सोनं अडीनडीला मोडता येतं, म्हणून दागिन्याकडे बघायची नजरच बचतीची असते. हिऱ्याच्या अंगठीला ही नजर लावू नका. तिच्यात सोनं जेमतेम तीन-चार ग्रॅम असतं आणि बाकी पैसा दगडात, कामात नि नावात असतो. दगडाला सोन्यासारखा रोजचा छापील भाव नसतो. दुकानातून बाहेर पडलं की त्याची किंमत उतरते, मग तो झवेरी बाजारातला असो की न्यूयॉर्कच्या फिफ्थ अॅव्हेन्यूवरचा. त्यामुळे "ब्रँडची अंगठी म्हणजे गुंतवणूक" असं कुणी म्हणालं तर हसून पाणी प्या आणि पुढचं बोला.

बजेटचंही इथेच सांगते. "दोन महिन्यांचा पगार" हा नियम कुठल्या परंपरेतून आलेला नाही. तो डी बिअर्स या हिरे कंपनीच्या १९८०च्या दशकातल्या अमेरिकी जाहिरातींमधला आहे. हिरा चिरंतन असतो, हे इंग्रजी घोषवाक्यही त्यांचंच, १९४७ सालचं. आपल्या साखरपुड्यात नावाप्रमाणे साखरेचा पुडा होता, साडी होती, ओटी होती. एका खड्याची अंगठी फार पुढे आली. ती घ्यायला माझी काही हरकत नाही, पण आकडा दुसऱ्याच्या जाहिरातीतून घेऊ नका. मंगळसूत्र, हॉल, जेवण, मानपान यांचा खर्च एका कागदावर मांडा आणि त्यातून उरेल तो आकडा अंगठीचा.

पायरी २ : किंमत फोडून बघा

हे मी प्रत्येकाला कागदावर करायला लावायचे. खालचे आकडे हिशेबाच्या सोयीसाठी घेतलेले आहेत, तुम्ही त्या दिवशीचे घाला.

समजा, १८ कॅरेटची ४ ग्रॅमची अंगठी. १८ कॅरेटचा भाव ग्रॅमला १०,००० धरला तर सोनं झालं ४०,०००. घडणावळ २० टक्के, म्हणजे ८,०००. हिरा ५० सेंटचा, म्हणजे अर्धा कॅरेट (सोन्याचं कॅरेट शुद्धतेचं, हिऱ्याचं वजनाचं), समजा १,१०,०००. बेरीज १,५८,०००. त्यावर ३ टक्के जीएसटी ४,७४० आणि एकूण १,६२,७४०. आता याच वजनाचा, याच प्रतीचा हिरा असलेली ब्रँडची अंगठी समजा ३,६०,०००ला आहे. फरक १,९७,२६०.

हा फरक लाल पेनाने वेगळा लिहा. पुढचे सगळे प्रश्न त्याच्याबद्दलच आहेत. दुकानात हा आकडा वेगळा दिसत नाही, पाटीवर एकच किंमत असते आणि एकच किंमत बघितली की माणूस ती हिऱ्याचीच समजतो. आपल्या पेढीवर सोनं, घडणावळ, हिरा, कर अशा चार ओळी पावतीवर येतात. परदेशी लक्झरी दुकानात सहसा एकच ओळ येते. या एका ओळीची मला फार चीड येई. पण तो त्यांचा धंद्याचा प्रकार आहे, फसवणूक नव्हे.

पायरी ३ : नाव नक्की कशाचे पैसे घेतं?

नावाचा पहिला अर्थ विश्वास. नव्वदच्या दशकापर्यंत आपल्याकडे २२ कॅरेट म्हणून घेतलेलं सोनं मोडायला नेलं की कमी भरायचं आणि ग्राहक मुकाट घरी जायचा. त्या दशकाच्या शेवटी तनिष्कने दुकानांत कॅरेटमीटर, म्हणजे सोन्याची शुद्धता मोजणारी यंत्रं, ठेवली. जुना दागिना आणा, तपासून देतो. लोकांचे डोळे उघडले आणि ब्रँडला त्यातूनच बळ मिळालं. त्याच्याही कितीतरी आधी, सांगलीत १८३२ला सुरू झालेल्या गाडगीळांच्या पेढीसारख्या घराण्यांचं नाव शुद्धतेसाठीच घेतलं जायचं. तेव्हा नावाचे जास्त पैसे देणं शहाणपणाचं होतं, कारण दुसरा पुरावाच नव्हता.

आता आहे. १६ जून २०२१पासून सोन्याला हॉलमार्क टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला आणि १ एप्रिल २०२३पासून सहा अक्षर-आकड्यांच्या एचयूआयडी या ओळख क्रमांकाशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. अंगठीच्या आतल्या बाजूला बीआयएस या सरकारी मानक संस्थेचा त्रिकोण, शुद्धता आणि हा सहा खुणांचा नंबर असतो. १८ कॅरेटला '१८के७५०' असं दिसेल. बीआयएस केअर अॅपमध्ये नंबर घातला की सराफाची नोंदणी, तपासणी केंद्र, शुद्धता सगळं समोर येतं. हॉलमार्कचं शुल्क नगामागे ४५ रुपये अधिक कर. एकेकाळी ज्या विश्वासासाठी नावाला हजारो रुपये दिले जायचे, त्यातला सोन्याचा भाग आज एका वडापावच्या भावात येतो. फक्त दोन ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या दागिन्याला सक्ती नाही, हे नाजूक अंगठी घेताना ध्यानात ठेवा. आणि हॉलमार्क सोन्याबद्दल बोलतो, हिऱ्याबद्दल एक अक्षर नाही.

हिऱ्यासाठी प्रयोगशाळेचा दाखला असतो, त्याकडे पुढच्या पायरीत येते.

नावाचा दुसरा अर्थ घडण. टिफनीने, म्हणजे भाच्याच्या फोनवरच्या त्या डबीवाल्या अमेरिकी ब्रँडने, १८८६ साली सहा नख्यांचं ते प्रसिद्ध कोंदण आणलं. त्याआधी हिरा धातूत बुडवलेला असायचा, त्यांनी तो वर उचलला, खालून-बाजूने प्रकाश जाऊ दिला. कल्पना मोठीच. पण तिला आता सव्वाशेहून अधिक वर्षं झाली. झवेरी बाजारातल्या बंगाली कारागिराला "टिफनी सेटिंग" म्हणा, तो दुसरा प्रश्न विचारणार नाही. यावरून अमेरिकेत खटलाही झाला. कॉस्टको या घाऊक दुकानाने अंगठ्यांच्या पाटीवर टिफनीचं नाव लिहिलं, म्हणून टिफनीने २०१३मध्ये दावा लावला. कॉस्टकोचं म्हणणं, हे आता कोंदणाच्या प्रकाराचं नाव झालंय. २०१७मध्ये खालच्या न्यायालयाने टिफनीला जवळपास दोन कोटी डॉलर देवविले, २०२०मध्ये अपील न्यायालयाने तो निकाल रद्द केला आणि २०२१मध्ये दोघांनी आपसात मिटवलं. तुमच्या-माझ्यासाठी त्यातलं कामाचं एवढंच की भांडण नावाचं होतं. सहा नख्या कुणीही घडवाव्यात.

तिसरा अर्थ दुकान, डबी, मान. त्यात मुंबईच्या बीकेसीतल्या मॉलचं भाडंही आलं आणि मालकांचा नफाही. टिफनी २०२१पासून एलव्हीएमएच समूहाकडे आहे, कार्टिए हा दागिन्यांचा ब्रँड रिशमाँ समूहाकडे, हॅरी विन्स्टन हा तसाच ब्रँड २०१३पासून स्वॉच समूहाकडे. घराण्याची मोहोर तीच असली तरी तिजोरीच्या चाव्या दुसऱ्यांकडे गेल्यात.

पायरी ४ : हिऱ्याचा कागद वाचायला शिका

इथे वेळ द्या. दोन संध्याकाळी द्या. नावाला जे पैसे जातात त्यातले बरेचसे "मला यातलं काही कळत नाही" या भीतीचे असतात आणि ही भीती चार गोष्टी शिकल्या की जाते.

दाखला जीआयए या प्रयोगशाळेचा असेल तर उत्तम, आयजीआय या दुसऱ्या प्रयोगशाळेचा आपल्याकडे सर्रास चालतो. त्यावर वजन, रंग, स्वच्छता आणि कट, म्हणजे पैलू कसे पाडलेत ते, लिहिलेलं असतं. रंग डीपासून झेडपर्यंत उतरत जातो, डी म्हणजे रंगहीन, झेडकडे पिवळसर. पिवळ्या सोन्यात बसवायचा असेल तर डी-ई-एफच्या मागे लागू नका, एच किंवा आयसुद्धा पांढराच दिसतो, कारण शेजारी सोनंच पिवळं आहे. पांढऱ्या सोन्यात किंवा प्लॅटिनममध्ये जी-एचपर्यंत राहा. स्वच्छतेत व्हीएस२ या श्रेणीला डोळ्यांना डाग दिसत नाही, तिच्या खालच्या एसआय१मध्येही बऱ्याचदा दिसत नाही, पण तो हिरा हातात घेऊन बघितल्याशिवाय घ्यायचा नाही.

कंजूषपणा करायचा नाही तो कटमध्ये. गोल हिऱ्याच्या दाखल्यावर कट, पॉलिश, सिमेट्री तिन्हींपुढे एक्सलंट असेल तर बाजारात त्याला "ट्रिपल एक्स" म्हणतात. चांगल्या कटचा ४५ सेंटचा हिरा वाईट कटच्या ५५ सेंटच्यापेक्षा जास्त बोलतो. हे मी ट्रेमध्ये दोन्ही शेजारी ठेवून दाखवायचे. किंमत न सांगता विचारलं तर जवळजवळ प्रत्येक जण लहान हिऱ्यावर बोट ठेवायचा.

वजनाची एक गंमत. ५० सेंट, १ कॅरेट अशा गोल आकड्यांवर किंमत एकदम उडी मारते. एक कॅरेटचा गोल हिरा साधारण साडेसहा मिलिमीटर रुंद असतो आणि ९० सेंटचा सव्वासहाच्या आसपास. पाव मिलिमीटरचा फरक तुमच्या सासूबाईंनाही दिसणार नाही, आणि त्यांना सगळं दिसतं. म्हणून ४७, ४८, ९२ सेंटचे हिरे मागा.

मग लूप मागा, दहापट मोठं दाखवणारं भिंग. हिऱ्याच्या बारीक कडेवर लेझरने सहसा दाखल्याचा नंबर कोरलेला असतो, तो कागदाशी जुळवा आणि कागदाचा नंबर प्रयोगशाळेच्या संकेतस्थळावर घालून बघा. नंबर सापडायला पहिल्यांदा पाच-सात मिनिटं लागतात. समोरचा घाई करत असेल तर आणखी सावकाश बघा.

लॅबग्रोनबद्दल, म्हणजे खाणीतून न काढता प्रयोगशाळेत तयार केलेल्या हिऱ्याबद्दल. मुंबई-सुरतेत त्याला सगळे सीव्हीडी म्हणतात. तो खराच हिरा आहे, काच नव्हे. पण तो हवा तितका तयार होतो आणि भाव गेल्या काही वर्षांत धडाधड उतरलेत. डी बिअर्सने २०१८मध्ये कॅरेटला ८०० डॉलर असा भाव लावून लाइटबॉक्स नावाचा स्वतःचा लॅबग्रोन ब्रँड काढला आणि २०२५मध्ये तो बंद करत असल्याचं जाहीर केलं, यावरून काय ते समजा. जीआयएनेही २०२५पासून अशा हिऱ्यांना नैसर्गिक हिऱ्यांच्या श्रेणी देणं थांबवून 'प्रीमियम' आणि 'स्टँडर्ड' असे दोनच वर्ग ठेवलेत. मोठा खडा कमी पैशांत हवा असेल तर खुशाल घ्या, मी स्वतः कानात तेच घालते. पण त्याच्यावर नावाचे जादा पैसे मोजणं मला पटत नाही. जो दगड पुढच्या वर्षी आणखी स्वस्त होण्याची शक्यता आहे, त्याला महागडी डबी कशाला?

पायरी ५ : अंगठी उलटी करून बघा

आता ब्रँडची बाजू. ती आहे आणि ती उलट्या अंगठीत दिसते.

कुठलीही अंगठी हातात आली की सगळे वरून बघतात. तुम्ही उलटी करा. हिऱ्याच्या खालची जाळी, नख्यांची मुळं, पट्टीची आतली बाजू. घाईने केलेल्या कामात तिथे पॉलिश पोचलेलं नसतं, झाळ्याचा ठिपका दिसतो, एक नखी जाड तर एक बारीक असते. नखीच्या टोकावरून बोट फिरवा, मग ओढणी फिरवा. धागा अडकला तर ती अंगठी पैठणीची वाट लावणार. चांगल्या ब्रँडच्या अंगठीत हे काम बहुधा डोळे झाकून विश्वास ठेवण्यासारखं असतं. माझ्या काउंटरवर कुणीतरी दुरुस्तीला आणलेली कार्टिएची एक जुनी अंगठी मी एकदा लूपखाली बघितली होती. आत, जिथे फक्त कातडीला कळेल तिथेही, कडा घासून गुळगुळीत केलेल्या होत्या. आमचे कारागीर काका ती पाच मिनिटं फिरवत बसले, मग म्हणाले, "याला वेळ दिलाय."

त्या वेळेचे पैसे असतात आणि ते द्यायला माझी ना नाही. तसाच वेळ आपल्या कारागिरानेही दिलेला मी पाहिलाय, फक्त तो मागावा लागतो, आणि साखरपुड्याच्या आठ दिवस आधी मागून मिळत नाही. सहा आठवडे हाताशी ठेवा.

आणखी एक बाजू उगमाची. रक्तरंजित हिरे रोखण्यासाठी २००३पासून किंबर्ली प्रक्रिया ही आंतरराष्ट्रीय व्यवस्था आहे, पण तिची व्याख्या बंडखोरांच्या शस्त्रखरेदीपुरती आहे. खाणीतल्या मजुराचं काय, हे तिच्यात बसत नाही. टिफनीने २०१९पासून १८ सेंट आणि त्यापुढच्या हिऱ्यांसाठी दगड कुठल्या देशातून किंवा प्रदेशातून आला ते सांगायला सुरुवात केली. जगातल्या बहुतेक हिऱ्यांना पैलू सुरतेत पडतात, तिथे पुड्या इतके हात बदलतात की शेवटच्या दुकानदाराला विचारून उपयोग नसतो. तुम्हाला हा प्रश्न खरंच छळत असेल तर नावाच्या पैशांतून तुम्हाला काहीतरी नक्की मिळतं.

पायरी ६ : परत आणली तर काय देणार?

हा प्रश्न पैसे देण्याआधी, मोठ्याने आणि चारचौघांत विचारायचा. उत्तर पावतीवर लिहून घ्यायचं. तोंडी "आपलंच दुकान आहे" याला किंमत शून्य, हे मी काउंटरच्या आतल्या बाजूने सांगतेय.

आपल्या पेढ्या आणि साखळी दुकानं सहसा सोन्याला त्या दिवशीचा भाव देतात आणि नैसर्गिक हिऱ्याच्या किमतीचा ठरावीक टक्का. बदलून दुसरा दागिना घेतला तर टक्का जास्त, रोख मागितली तर कमी. घडणावळ आणि जीएसटी गेला तो गेला. लॅबग्रोनला काही ठिकाणी बदली मिळते, बऱ्याच ठिकाणी नाही. परदेशी लक्झरी ब्रँड मात्र आपणच विकलेली अंगठी सहसा परत विकत घेत नाहीत. ती जुन्या मालाच्या बाजारात विकावी लागते. तिथे नावाला मान असतो, बिननावाच्या अंगठीपेक्षा चार पैसे जास्तही येतात, पण डबी, मूळ दाखला, पावती सगळं शाबूत असेल तर. आपल्या सराफाकडे तीच नेली तर तो कोरलेलं नाव वाचून कौतुक करेल आणि सोनं वजनावर टाकेल. पायरी २मध्ये लाल पेनाने लिहिलेला आकडा इथे शोधा. त्यातलं फारसं काही परत येत नाही.

पायरी ७ : पैसे देताना

पक्की पावती घ्या. तिच्यावर सोन्याचं निव्वळ वजन आणि हिऱ्याचं वजन वेगवेगळं हवं. खड्यासकट तोलून सोन्याचा भाव लावणारे अजून आहेत. दोन लाखांच्या वर खरेदीला पॅन लागतो आणि दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख सराफाला घेताच येत नाही. "बिलाशिवाय तीन टक्के वाचतील" म्हणणाऱ्या दुकानातून हिरा तर अजिबात घेऊ नका. परदेशात घेतलेल्या अंगठीवर '७५०' किंवा प्लॅटिनमला 'पीटी९५०' असा शिक्का दिसेल, तो आपला हॉलमार्क नव्हे, म्हणून तिची पावती जन्मभर जपायची. येताना कस्टम्सला दाखवावी लागेल का, तेही तिकीट काढतानाच बघून घ्या.

मग नाव घ्यायचं कधी?

माझं मत विचाराल तर तीन वेळा. जिच्या बोटात जाणार तिला त्या नावाचीच हौस असेल, "चांगली अंगठी"ची नव्हे. दोघांचं आयुष्य तीन देशांत जाणार असेल आणि न्यू जर्सीत घेतलेली अंगठी सिंगापुरात साफ करून, मापात बसवून हवी असेल. किंवा तुमच्याकडे दाखला वाचायला खरोखर वेळ नसेल आणि अज्ञानाचा दंड भरायची तयारी असेल. असा दंड भरणारे लोक समाधानी असतात, मी पाहिलेत. कर्ज काढून किंवा मुलीकडच्यांना दिपवायला घेणार असाल तर नको.

आणि घ्यायचंच ठरलं तर नाव घडणीत घ्या, दगडात नको. म्हणजे ब्रँडकडचा एक कॅरेट घेण्यापेक्षा त्यांचीच साधी पट्टी किंवा लहान खडा घ्या, तिथे पैशाला कारागिरी जास्त येते. मोठा दगड हवा असेल तर दाखल्याचा हिरा आपल्या ओळखीच्या पेढीतून.

भाच्याने शेवटी तेच नाव घेतलं. होणारी सून न्यूयॉर्कला नोकरीत असताना रोज त्या खिडकीवरून चालत जायची, हे आम्हाला नंतर कळलं. पण तो ३१ सेंटवर थांबला, आणि बहिणीचं गंठणही झालं, तीन तोळ्यांचं नाही, दोन तोळ्यांचं.

त्याने चूक केली ती मापात. तिचं अमेरिकेतलं माप ६, म्हणजे आपलं साधारण १२, ते त्याने डिसेंबरातल्या थंडीत घेतलेलं. साखरपुडा मेमध्ये, संध्याकाळी, बंद हॉलमध्ये. उष्म्याने बोटं फुगतात, संध्याकाळी जास्तच. माप नेहमी गरम दिवसात, दुपारनंतर, आणि बोटाच्या पेराच्या हाडावरून जाईल असं घ्यायचं. त्याला हे सांगायचं मी विसरले होते. फोटोग्राफर "एकदा परत" म्हणत होता, अंगठी पेरावर अडून बसली होती, आणि पेढ्यांच्या ताटाशेजारी तुपाची वाटी मागवावी लागली.